तरण्या अण्णांचं सुतक

संकट दाराशी यायच्या आधी मला त्याचा वास येतो, हे मी कोणालाही छातीठोकपणे सांगेन! आमच्याकडे गॅसची नळी दर पंधरवड्याला साबणाच्या फेसाने तपासली जाते. आमचे चिरंजीव वरद, वय वर्षं अडीच, यांच्या हाताला लागतील अशा घरात दोनच गोष्टी आहेत, फरशी आणि मी. शेंगदाणा मी त्याला अर्धा करून देते आणि तो अर्धा त्याच्या घशाखाली उतरेपर्यंत स्वतः श्वास घेत नाही. आमचे हे म्हणतात, "इंदू, तू बी.ए. मानसशास्त्रात केलंस की अग्निशामक दलात?" म्हणू देत! आजवर माझ्या घरात एकही अपघात झालेला नाही.

जो झाला तो ओट्यावर झाला. आणि ओटा घरमालकांचा होता.

गेल्या वर्षीची, सत्त्याण्णव सालची गोष्ट. वर्षभर आधी ह्यांची बदली नगरहून काष्टीला झाली होती आणि आम्ही सहादेवअण्णांच्या माडीवर दोन खोल्या घेतल्या होत्या. खोल्यांत नळ होता! घरातला, स्वतःचा नळ! रोज बादलीभर लंगोट धुणाऱ्या बाईला विचारा, नळ म्हणजे काय ते. गावातल्या बाकीच्या जागा मी आधीच पाहून ठेवल्या होत्या. एकीच्या दारात उघडी विहीर, दुसरीच्या जिन्याला कठडा नाही, आणि तिसरीच्या खिडकीखाली बाजारचे बैल बांधायचे.

अण्णा त्या वर्षी पंचायत समितीला उभे होते. वय सत्तरीला टेकलेलं. आधी दोनदा उभे राहून दोनदा पडलेले, आणि दोन्ही वेळा पाडलं कोणी, तर सख्ख्या मेव्हण्याने! गावातली मतं अण्णांना पडायची, पण वाड्या-वस्त्यांवर त्यांना ओळखतंच कोण? म्हणून त्यांच्या बायकोने, चांगुणाकाकूंनी, आधीच जाहीर करून टाकलं होतं.

"ही शेवटची खेप! पडले तर हे घर इकायचं आन् मळ्यात जाऊन ऱ्हायचं. माज्या भावाच्या दारावरनं खाली मान घालून जायाची मला आता हौस न्हाई."

म्हणजे अण्णा पडले की आमचा नळ गेला!

प्रचाराचं पहिलं पोस्टर लागलं ते नेमकं आमच्या खिडकीसमोर. अण्णा प्रत्यक्षात इतके गोड माणूस की वरद त्यांच्या मिशा ओढतो. पण फोटोग्राफरने "हलू नका" म्हटल्यावर ते श्वासासकट थांबले होते. डोळे वटारलेले, गालफडं आत गेलेली. भुकेल्या गिधाडाला कोणीतरी फेटा बांधून खुर्चीत बसवावं तसे! वरद दुपारच्या झोपेतून उठला, त्याने खिडकीकडे पाहिलं, आणि असा काही किंचाळला की खाली गोठ्यात म्हशीने दूध चोरलं. तेव्हापासून जेवण बंद, झोप बंद. घास पुढे केला की तो आधी खिडकीकडे बघायचा आणि तोंड मिटून घ्यायचा.

मी तडक खाली गेले. "काकू, अण्णांचा दुसरा फोटो नाही का एखादा?"

काकूंनी ट्रंक उघडली. तळाशी, लुगड्याच्या घडीत, तो होता. विशीतला तरुण, भांग एका बाजूला, ओठांवर मिशीची नुसती रेघ, आणि आत्ता काहीतरी बोलेल असं हसू.

"हे... अण्णा?"

"हाच फोटो दाखवून माजं लगीन जमवलं," काकू म्हणाल्या. "आंतरपाट खाली झाला, बघते तर पलीकडं दुसराच कुनीतरी! फोटो तवाच सात वर्सं जुना हुता."

संध्याकाळी ह्यांनी वाद घातलाच. "अगं, ही मतदाराची फसवणूक आहे! मत मागणार तो विशीतला आणि खुर्चीत बसणार हे?"

"मतदार शिक्का चिन्हावर मारतो, चेहऱ्यावर नाही."

"मग फोटो लावायचाच कशाला?"

"लोकांना प्रसन्न वाटावं म्हणून! आणि फोटो खरा असलाच पाहिजे म्हणता, तर हे बघा!" मी माझं नवंकोरं मतदार ओळखपत्र त्यांच्यापुढे आपटलं. आदल्या वर्षी शाळेत रांग लावून सरकारने आमचे फोटो काढले होते. माझ्या वेळी वरदने पदर ओढला आणि नेमका तेव्हाच फ्लॅश उडाला. फोटोत केस कपाळाला चिकटलेले, एक डोळा उघडा, एक अर्धा, ओठ काळे. नुकतीच तळ्यातून वर काढलेली बाई! "ही मी आहे का? पण सरकार म्हणतं आहे! मग तो तरुण अण्णा का नाहीत?"

ह्यांनी कार्ड हातात घेतलं, पाहिलं आणि पालथं ठेवलं. "हे देवासमोर नको ठेवूस," एवढंच म्हणाले.

अण्णांनी मात्र आपला फोटो उजेडाकडे धरून जवळून पाहिला. "पोरी, हा मी हाय हे लोकांना पटंल का?"

"माणूस तोच ना, अण्णा? वय काय, वाढतंच."

"वाढतं खरं," अण्णा म्हणाले. "पन हा कधी निगून गेला, ते मला कळलंच न्हाई बग."

श्रीगोंद्याच्या फोटोग्राफरने फोटो दाराएवढा मोठा केला. मोठा करताना डोळे पुसट झाले, म्हणून त्याने ते काळ्या पेन्सिलीने गिरवले. काचेच्या चौकटीत घालून फोटो ओट्यावरच्या भिंतीला टांगला, त्याचीच पोस्टरं वाड्या-वस्त्यांवर लागली, आणि खिडकीसमोरचं गिधाड झाकलं गेलं. वरद पोटभर जेवला आणि ढाराढूर झोपला. मानसशास्त्र, दुसरं काय!

पण ते गिरवलेले डोळे...

ओट्यावर कुठेही उभं राहा, तो बघायचा. जिना चढताना मानेवर नजर जाणवायची. मी वळून पाहिलं की हसू तेवढंच, पण आपण वळायच्या आत ते थोडं कमी-जास्त झालं असावं असं वाटायचं. वरदची मात्र त्याच्याशी गट्टी जमली. तो त्याला "मामा" म्हणायचा आणि चौकटीखालच्या फळीवर रोज आपलं बिस्किट ठेवायचा. मी दिवे लावून खाली यावं तर बिस्किट नाही! मांजर नाही, उंदीर नाही, फळीवर मुंगीसुद्धा नाही.

"बिस्किट कुठे गेलं रे?"

"मामानी खाल्लं," वरद म्हणायचा. आणि फोटोकडे बघून मान डोलवायचा. समोरून कोणीतरी आधी मान डोलवल्यासारखी!

मी जिन्याच्या दाराला आतून दुसरी कडी बसवून घेतली.

तो शुक्रवार होता. शनिवारी काष्टीचा बाजार, म्हणून वाड्यांवरची माणसं आदल्या संध्याकाळीच जनावरं घेऊन गावात उतरतात. अण्णा सकाळपासून जीप घेऊन प्रचाराला गेलेले, दिवेलागणीला परत यायचे, मग ओट्यावर कार्यकर्त्यांची बैठक. काकूंनी सतरंजीवर पांढऱ्या चादरी अंथरल्या. अण्णांना ओवाळायला कुंकवाचं तबक काढून ठेवलं. तेवढ्यात लाइट गेली. अंधारातही मतदाराला उमेदवार दिसला पाहिजे, म्हणून काकूंनी फोटोखाली समई लावली आणि स्वयंपाकघरातून ओरडल्या, "इंदूबाई, हार बगा कायतरी! झेंडूचा शेळीनं खाल्ला, फोटो बोडका दिसतोय!"

शेळी वाडीवरच्या लंकाबाईंची. दर शुक्रवारी बाजाराला आल्या की त्या आमच्या ओट्यावर टेकायच्या. काकूंशी ओळख तंबाखूच्या चिमटीपुरती, अण्णांना तर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

आता तिन्हीसांजेला हार कुठून आणायचा? मला एकदम आठवलं, नगरहून निरोप देताना ऑफिसने ह्यांच्या गळ्यात चंदनाचा हार घातला होता. चंदनाचा हार कुठल्या फोटोला घालतात हे मला का माहीत नाही? पण ह्यांच्या गळ्यात तो पडला तेव्हा हे चांगले जिवंत होते आणि वडा खात होते! कडेवर वरद, हातात हार, अंधार. मी चौकटीवर हार चढवत असताना वरदने कधी तबकात हात घातला कोण जाणे. त्याने "मामा, टिक्का!" म्हणून फोटोच्या कपाळावर कुंकवाचा पंजा उमटवला. नंतर पुसू म्हणून मी चहा टाकायला वर पळाले.

इकडे काकू ठेच्याच्या मिरच्या भाजत होत्या. ठसका लागला. त्या डोळ्यांना धारा, तोंडात पदराचा बोळा अशा बाहेर आल्या, समईजवळ भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "अगं आई गं!"

शेळ्या बांधून लंकाबाई ओट्यावर चढल्या, त्यांच्यापुढे हे असं दृश्य!

आमच्या भागात दुःखाच्या घरी "कोण?" म्हणून विचारत नाहीत. येणारा येतो, पदर डोक्यावर घेतो, बसतो. शेजारच्याला ठाऊक असेलच असं धरून चालतो. लंकाबाई बसल्या. त्यांनी काकूंना कवेत घेतलं. काकूंना ठसक्याने शब्द फुटेना, त्यांनी नुसता हात दाबला. झालं! लंकाबाईंना पाहून वाडीवरच्या बायका बसल्या. बायकांना पाहून गडी बसले. बैठकीला आलेले दोघे-तिघे कार्यकर्तेसुद्धा फेटे काढून मान खाली घालून बसले!

मी चहाची किटली घेऊन जिना उतरले तेव्हा ओटा भरला होता.

आवाज नाही. कुजबुज नाही. समईच्या उजेडात डोक्यावरून पदर घेतलेल्या बायकांच्या रांगा, चेहरे नसलेल्या. बाहेर बांधलेल्या बैलाच्या गळ्यातली घंटा मध्येच एकदा वाजायची आणि थांबायची. पांढऱ्या चादरींचा उजेड खालून वर येत होता. मला आधी वाटलं, काय शिस्त आहे बैठकीला! मग वाटलं, हे बोलत का नाहीत? आणि मग मला दिसलं की कोणीच कोणाकडे बघत नव्हतं. सगळी माणसं एकाच जागी बघत होती आणि तिथून तो त्यांच्याकडे बघत होता.

"चहा घ्या," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला.

एक पदर वर झाला. लंकाबाई. "इंदूबाई! ह्या घरात आज चूल पेटवली?"

"पेटवली म्हणजे? चाळीस कप केलाय!"

रांगेतून एक उसासा आला, वाऱ्यासारखा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लंकाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "केवढं तरनंताठं पोर! मिशीबी धड फुटली न्हवती!"

मी वळून फोटोकडे पाहिलं. चंदनाचा हार. समई. कपाळावर कुंकू. खाली पांढरी चादर. एकेक वस्तू आम्हीच नीट, विचारपूर्वक मांडली होती. आता फक्त मढं आणायचं राहिलं होतं!

ओरडून सगळं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तोच जीपचे दिवे ओट्यावरून फिरले आणि विझले. अण्णा उतरले. दिवसभराच्या फुफाट्याने डोक्यापासून पायापर्यंत पांढरेफटक, भिवयासुद्धा पांढऱ्या. त्यांनी ओट्यावरची गर्दी पाहिली, समई पाहिली आणि चपला ओट्याखालीच काढल्या. बायकांच्या रांगांतून त्यांची नजर काकूंना शोधत होती, पण पदराखाली सगळ्या सारख्याच. तेही विचारेनात! रीत ती रीत. कडेला, एका वाडीवरच्या म्हाताऱ्याशेजारी, ते हळूच टेकले. मग त्यांनी वर पाहिलं.

"लई देखना गडी हुता," म्हातारा म्हणाला.

अण्णांच्या धुळीने माखलेल्या गालावरून एक ओली रेघ उतरली. "व्हय," ते म्हणाले, "लई देखना हुता."

मी किटली खाली ठेवून पुढे व्हायला गेले, पण वाटेत पदरांच्या रांगा.

"तुमी कोन त्याचं, बाबा?"

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, उठले आणि फोटोपुढे जाऊन उभे राहिले. समईची ज्योत हलली. काचेत अण्णांचं प्रतिबिंब पडलं आणि त्या तरुण चेहऱ्यावर हा पांढरा चेहरा असा चपखल बसला की चार डोळ्यांचे दोनच झाले. ते डोळे ओट्यावरच्या माणसांकडे बघत होते.

"मीच तो," अण्णा म्हणाले.

तेवढ्यात माझ्या मागून, जिन्याच्या पायरीवरून, वरदचा आनंदी आवाज आला. "मामा!" बोट फोटोकडे. "मामा!" बोट अण्णांकडे.

"लेकराला दिसतंय!" लंकाबाई किंचाळल्या.

पुढचं मला फक्त पायांच्या आवाजात आठवतं. चपला, फेटे, काठ्या, एक शेळीसुद्धा टाकून माणसं पळाली! काय झालं ते कळेना म्हणून अण्णाही त्यांच्यामागे पळाले, आणि मागून तो येतोय हे पाहून पुढचे असे सुटले की दोन खिलारी बैल दावं तोडून त्यांच्याबरोबर गेले!

लाइट आली. ओट्यावर मी, किटली, आणि ठसका ओसरलेल्या काकू.

"आता चाळीस कप च्या कोन पिनार?" काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाजार भरला आणि त्या बाजारात लंकाबाईंनी उकल करून सांगितली. भूतबीत काही नव्हतं. तो पोराचा बाप! उमेदवार पोरगा ऐन निवडणुकीत गेला आणि दुःखाने बापाच्या डोक्यावर परिणाम झाला. "मीच तो, मीच तो" म्हणत फिरतोय बिचारा! दुपारपर्यंत एकूण एक वाडीवर ही बातमी बैलांबरोबर जाऊन पोचली.

अण्णा जीप घेऊन खुलासा करायला निघाले. "आवो, मी धडधाकट हाय! फोटोतला मानूस मीच हाय!"

"व्हय, अण्णा, व्हय," लोक त्यांना मिठी मारायचे. "तो तुमच्यातच हाय. काळजी नगं, मत त्यालाच."

मेव्हणा गावोगाव घसा फोडून सांगत सुटला, "आवो, त्याला दोन पोरीच! पोरगा कधी हुताच न्हाई!" यावर वाड्या पेटून उठल्या. मेलेल्या लेकराचं अस्तित्वसुद्धा नाकारतो, कसला हा मामा!

हे म्हणाले, "आता तरी खरं सांगून टाकलं पाहिजे."

"सांगतायत की ते रोज!" मी म्हटलं.

काकूंनी अण्णांना एकच सांगितलं, "गप बसा. मतं पडत्यात."

अण्णा गप्प बसले. पण संध्याकाळी ते एकटेच फोटोसमोर जाऊन बसू लागले. एकदा मी दबक्या पावलांनी खाली उतरले, तर अण्णांच्या मिशीत बिस्किटाचा चुरा! डॉक्टरांनी त्यांचं गोड कधीच बंद केलेलं. मला पाहून ते दचकले, मग फोटोकडे बोट करून म्हणाले, "त्याच्या वाटचं मी खातो, पोरी. त्याला कुठं साखर हाय?"

म्हणजे फोटोतला माणूस आणि हा माणूस एकच आहे हे कोणी न सांगता बिनचूक ओळखणारा एकच जण होता, आणि त्याला मताचा अधिकार यायला अजून सोळा वर्षं होती.

अण्णा निवडून आले. वाड्यांनी एकगठ्ठा मतं टाकली! मिरवणुकीत ट्रॅक्टरवर पुढे तो फोटो, चंदनाच्या हारासकट, आणि त्याच्यापुढे वाजंत्री बंद. लोक आधी फोटोला हात जोडायचे आणि मग मागच्या ट्रॉलीतल्या अण्णांच्या पाठीवरून हात फिरवायचे. मेव्हण्याच्या दारावरून जाताना काकूंची मान जी वर झाली, ती तशीच. घर राहिलं. नळ राहिला! फोटोही ओट्यावर राहिला. दर शुक्रवारी लंकाबाई त्याला नमस्कार करून मगच तंबाखू मळतात. जिना चढताना मी अजून वळून बघत नाही.

फक्त त्या विजयात माझं मत नव्हतं.

मी गेले होते, ओळखपत्र घेऊन, वरदला कडेवर घेऊन. मेव्हण्याच्या प्रतिनिधीने कार्ड पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हरकत घेतली. "ह्या त्या बाई न्हाईत!" मी खूप भांडले. फोटोवरून माणूस ठरवू नका, चेहरा बदलतो, माणूस तोच असतो! माझे सगळे मुद्दे पाठ होते. अधिकारी सज्जन होते. हसून म्हणाले, "बाई, मूल खोटं बोलत नाही," आणि त्यांनी कार्ड वरदपुढे धरलं. "बाळ, ही कोण रे? आई ना?"

वरदने पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. माझ्या गळ्याला घट्ट मिठी मारून तो जो किंचाळला, तो खोलीतली रांग मोडून, मला घेऊन, थेट घरी येईपर्यंत थांबला नाही!

आता त्याला अडीच वर्षं झाली. जेवायला त्रास दिला तर हे शांतपणे कपाटातून माझं कार्ड काढतात आणि ताटाशेजारी ठेवतात. दोन मिनिटांत ताट स्वच्छ! मी तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत जाऊन बसते.